प्रतिमान आणि त्याचे वाचक

उपमेचे चार घटक आपण वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत : उपमेय, उपमान, साधारणधर्म आणि साम्यवाचक शब्द. यांतल्या चौथ्या घटकाकडे विद्यार्थी फारसे लक्ष देत नाहीत, आणि खरे तर आपणही देत नाही. 'सारखा', 'समान', 'परी' हे शब्द उत्तरपत्रिकेत अधोरेखित करण्यापुरते उरले आहेत. पण उपमेचा सगळा प्रामाणिकपणा या लहानशा शब्दात असतो. मुख चंद्रासारखे आहे असे म्हणणारा कवी, मुख म्हणजे चंद्र नव्हे, हे त्याच दमात मान्य करीत असतो. तो शब्द गळाला की रूपक होते. आणि उपमेयालाच उपमान समजून कोणी त्याप्रमाणे वागू लागला, पोपटाच्या चोचीला पळसाची कळी समजून भुंगा तिकडे झेपावला, की आपण त्याला भ्रांतिमान म्हणतो. व्याकरणाच्या पुस्तकांत भ्रांतिमानाची व्याख्या करताना केवळ भ्रम पुरेसा मानलेला नाही, त्या भ्रमातून कृती घडावी लागते, हे येथे मुद्दाम लक्षात ठेवायला हवे.

अलंकारांची ही उजळणी करण्याचे कारण साहित्याबाहेरचे आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत पूल, वीज, हवामान, विमा, शेअरबाजार अशा अनेक क्षेत्रांतले निर्णय गणिती प्रतिमानांच्या, म्हणजे ज्यांना व्यवहारात मॉडेल म्हणतात त्यांच्या, आधाराने घेतले जाऊ लागले. सतत बदलणारी, अनेक घटकांच्या परस्परक्रियेतून चालणारी एखादी व्यवस्था समीकरणांच्या रूपाने कागदावर मांडायची आणि त्या समीकरणांना प्रश्न विचारून व्यवस्थेचे पुढचे वागणे ओळखायचे, ही त्यामागची रीत. ही समीकरणे सोडवणे आपले काम नाही. परंतु 'हे त्याच्यासारखे आहे' असे विधान जेथे जेथे केले जाते तेथे ते विधान कोणत्या अटींवर उभे आहे हे पाहणे मात्र आपले काम आहे, आणि ते आपण टाळत आलो आहोत. माझे म्हणणे थोडक्यात असे : अभियांत्रिकीतले प्रतिमान आणि वित्तव्यवहारातले प्रतिमान यांत जो खरा फरक आहे तो गणिताच्या अचूकतेचा नाही. ज्याचे प्रतिमान केले आहे ते स्वतः प्रतिमान वाचू शकते की नाही, हा तो फरक आहे. आणि वाचन हा तर आपलाच विषय.

सर्वांत साध्या ठिकाणापासून सुरुवात करू. लोखंडाची कांब एका टोकाला तापवली तर उष्णता दुसऱ्या टोकाकडे कशी पसरेल? फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिए याने १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रश्नाचे समीकरण दिले. एखाद्या बिंदूचे तापमान किती वेगाने बदलेल ते आसपासच्या बिंदूंच्या तापमानावरून ठरते, एवढेच ते सांगते. समीकरण अर्थातच लोखंड नाही. त्यात लोखंडाचा रंग नाही, गंज नाही, ते कोणी कोठून आणले ते नाही. साधारणधर्म एकच, उष्णतेचे पसरणे, आणि तेवढ्यापुरते साम्य इतके पक्के की दोनशे वर्षे ते उपयोगी पडले आहे. कांबेला फूरिए ठाऊक नाही. समीकरण छापले गेले म्हणून ती वेगळ्या रीतीने तापू लागली नाही.

आता हेच समीकरण बाजारात कसे गेले ते पाहू. लुई बाशेलिए या विद्यार्थ्याने १९०० साली पॅरिसमध्ये सट्ट्याच्या सिद्धान्तावर प्रबंध सादर केला. त्याचे परीक्षण करणाऱ्यांत आंरी प्वांकारे होता. भावांची पुढची हालचाल वर की खाली हे कोणालाच सांगता येत नसेल, तर ती शक्यता काळाबरोबर कशी पसरत जाईल, असा बाशेलिएचा प्रश्न होता. आणि ती उष्णतेसारखी पसरते, असे त्याचे उत्तर होते. पुढे १९७३ साली फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्र लेखात रॉबर्ट मर्टन याने, ऑप्शन या व्यवहाराची किंमत काढण्याचे सूत्र दिले. ऑप्शन म्हणजे काय हे समजायला आपल्याकडच्या विसाराची आठवण पुरे. जमिनीचा भाव ठरवून विसार द्यायचा. मुदतीत व्यवहार पूर्ण करण्याचा हक्क आपला. भाव पडले आणि व्यवहार करावासा वाटला नाही तर बुडेल तो फक्त विसार. या विसाराची रास्त रक्कम किती असावी, हा प्रश्न ब्लॅक आणि शोल्स यांनी सोडवला. सोडवताना त्यांचे समीकरण उष्णतेच्या समीकरणात रूपांतरित झाले, आणि तसे त्यांनी लेखात नमूदही केले.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी आज विसरली जाते. आपली गृहीतके त्यांनी एकामागून एक लिहून ठेवली. भाव सलग सरकतात, मध्येच उडी मारत नाहीत. भावांची अस्थिरता बदलत नाही. खरेदी-विक्रीला खर्च येत नाही. हवे तेवढे कर्ज ठरल्या व्याजदराने मिळते. ही यादी म्हणजे त्या उपमेतला साम्यवाचक शब्द होय. 'बाजार असा असता तर' हे तीत स्पष्ट लिहिलेले आहे. त्याच्या दहा वर्षे आधी, १९६३ साली, बेन्वा मांडेलब्रो याने कापसाच्या भावांचा अभ्यास करून दाखवले होते की घंटेच्या आकाराच्या नेहमीच्या वक्रात जे मोठे चढउतार जवळजवळ अशक्य ठरतात ते प्रत्यक्षात पुष्कळ वेळा घडतात. म्हणजे उपमान आणि उपमेय यांतले अंतर लपलेले नव्हते. जाणणाऱ्यांना ते ठाऊक होते.

येथे कोणी म्हणेल की अंतर तर अभियांत्रिकीतही असते. असतेच. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला टॅकोमा नॅरोज पूल १ जुलै १९४० रोजी खुला झाला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला ताशी सुमारे ६४ किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटून कोसळला. त्या काळच्या रचनाशास्त्रात वारा म्हणजे बाजूने पडणारा एक भार, असे धरले जाई. त्या भारासाठी पूल पुरेसा होता. प्रत्यक्षात घडले ते असे की पूल पिळला तशी वाऱ्याची त्याच्यावरची पकड बदलली, त्या बदलत्या पकडीने पूल आणखी पिळला, आणि हे चक्र वाढत गेले. पाठ्यपुस्तकांत अनेक वर्षे या घटनेचे स्पष्टीकरण साध्या अनुनादाने दिले जात होते, ते अपुरे आहे, असे १९९१ साली बिलाह आणि स्कॅनलन यांनी एका लेखात दाखवले. वारा बाहेरून ताल देत नव्हता. पुलाच्या हालचालीतूनच तो ताल जन्माला येत होता. भार आणि भारवाहक ही दोन वेगळी पात्रे आहेत हे गृहीतक येथे मोडले. वाऱ्याला अर्थातच काही कळत नव्हते.

साठ वर्षांनी हाच प्रकार माणसांच्या बाबतीत घडला. लंडनमध्ये थेम्स नदीवरचा मिलेनियम ब्रिज हा पादचारी पूल १० जून २००० रोजी खुला झाला. पहिल्या दिवशी ऐंशी हजार ते एक लाख माणसे त्यावरून गेली, आणि पूल आडवा डोलू लागला. काही भागांत हे डोलणे सात सेंटीमीटरपर्यंत गेले. दोन दिवसांत तो बंद करावा लागला. सैनिकांनी पुलावरून एका तालात चालू नये हे १८३१ साली इंग्लंडमधला ब्रॉटन येथील पूल पलटणीच्या पावलांखाली कोसळल्यापासून ठाऊक होते. पण ही पलटण नव्हती, रस्त्यावरची इतस्ततः चालणारी माणसे होती. शिवाय पुलांच्या संहितांमध्ये पावलांच्या उभ्या भाराचा विचार होता, आडव्या रेट्याचा नव्हता. जपानमधल्या एका पादचारी पुलाबद्दल १९९३ साली असे निरीक्षण प्रसिद्ध झाले होते, पण ते संहितांपर्यंत पोहोचले नव्हते. पूल किंचित हलला की चालणारा तोल सावरण्यासाठी पाय फाकवून टाकतो. त्या पावलांचा रेटा पुलाला आणखी हलवतो. ही माणसे एकाच तालात आल्यामुळे डोलणे वाढले, असे २००५ सालच्या एका गाजलेल्या लेखात मांडले गेले. ताल एक होण्याची गरजही नाही, तोल सावरण्याची धडपड पुरेशी आहे, असे २०२१ सालच्या संशोधनाने दाखवले.

या पुलाच्या कथेत मला महत्त्वाचा वाटतो तो तिचा उत्तरार्ध. अरुप या अभियंत्यांच्या संस्थेने आपल्याच माणसांना पुलावर चालवून मोजणी केली, ठरावीक संख्येपर्यंत पूल स्थिर राहतो आणि त्यापुढे एकाएकी डोलू लागतो हे शोधले, ते निष्कर्ष सगळ्यांसाठी प्रसिद्ध केले, पुलाखाली हालचाल शोषून घेणारे डॅम्पर बसवले आणि फेब्रुवारी २००२ मध्ये पूल पुन्हा खुला केला. तेथे उपमान चुकले होते. ते दुरुस्त झाले. आणि दुरुस्तीनंतर पादचारी पूर्वीसारखेच चालत राहिले. डॅम्पर बसवले आहेत असे वाचून कोणी मुद्दाम वेगळे पाऊल टाकत नाही. माणसे पुलाला प्रतिसाद देत होती, पुलाच्या समीकरणाला नव्हे.

बाजारात नेमके हेच निराळे होते. ब्लॅक आणि शोल्स यांचा लेख प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, एप्रिल १९७३ मध्ये, शिकागो येथे ऑप्शन्सच्या व्यवहारासाठी स्वतंत्र बाजार सुरू झाला. फिशर ब्लॅक सूत्रानुसार काढलेल्या किमतींचे छापील तक्ते दलालांना विकू लागला. ते गुंडाळी करून हातात धरायचे आणि उभ्या उभ्या सौदे करायचे, अशी तिथली पद्धत पडली. एडिंबरो विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड मॅकेन्झी याने २००६ साली 'ॲन इंजिन, नॉट अ कॅमेरा' या ग्रंथात या बाजाराचा इतिहास सांगितला आहे. आरंभी बाजारातल्या किमती सूत्राशी फारशा जुळत नव्हत्या. पुढच्या काही वर्षांत त्या जुळू लागल्या, आणि त्याचे एक कारण असे की सौदे करणारे ते सूत्रच वापरत होते. लोखंडाने फूरिए वाचावा आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे तापू लागावे, असा हा प्रकार. या अलंकाराला आपल्या शास्त्रात नाव नाही. भ्रांतिमानात भ्रमणाऱ्याची कृती उपमेयाला बदलत नाही. भुंगा फसला तरी चोच चोचच राहते. येथे मात्र उपमानाच्या वाचनाने उपमेय काही काळ खरोखरच उपमानासारखे होऊन गेले.

'काही काळ' हे शब्द महत्त्वाचे. याच सिद्धान्ताच्या आधारे ऐंशीच्या दशकात मोठ्या गुंतवणूकदारांना एक प्रकारचे संरक्षण विकले जाऊ लागले. भाव उतरू लागले की ठरलेल्या हिशेबाने थोडे थोडे विकत जायचे, म्हणजे तोटा एका मर्यादेत राहतो, ही त्यातली युक्ती. एकट्याने वापरली तर युक्ती बरोबर आहे. पण ती सर्वांनी एकाच वेळी वापरली तर प्रत्येकाची विक्री दुसऱ्यासाठी उतरता भाव ठरते, आणि तो पुन्हा विक्रीची आज्ञा देतो. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकेतला डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्क्यांनी घसरला. अध्यक्ष रेगन यांनी नेमलेल्या ब्रेडी समितीने जानेवारी १९८८ मध्ये दिलेल्या अहवालात या यांत्रिक विक्रीकडे बोट दाखवले. टॅकोमाच्या पुलासारखेच हे चक्र. फरक इतकाच की येथे वाऱ्याने पुलाचा आराखडा वाचलेला होता. त्यानंतर ऑप्शन्सच्या किमती मूळ सूत्राला पूर्वीसारख्या कधीच जुळल्या नाहीत, कारण मोठ्या पडझडीची धास्ती त्या किमतींत कायमची शिरली. एक वाचन संपले आणि दुसरे सुरू झाले.

पुढच्या दोन घटना सर्वपरिचित आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट ही संस्था १९९४ साली सुरू झाली. शोल्स आणि मर्टन हे तिच्या भागीदारांत होते आणि १९९७ साली त्या दोघांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियाने कर्जफेड थांबवली, आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्क शाखेच्या पुढाकाराने चौदा वित्तसंस्थांनी सुमारे ३.६ अब्ज डॉलर ओतून ही संस्था सावरली. तिच्या यशामुळे अनेकांनी तिच्यासारखेच सौदे करून ठेवले होते. पळायची वेळ आली तेव्हा सगळे एकाच दाराशी आले. दुसरी घटना २००८ सालची. डेव्हिड ली याने २००० साली मांडलेल्या सूत्राच्या आधारे अनेक कर्जे एकत्र बुडण्याची शक्यता एका आकड्यात मोजली जाऊ लागली, आणि तो आकडा पुष्कळदा बाजारातल्या किमतींवरूनच काढला जाई. बाजाराने प्रतिमानाकडे पाहायचे आणि प्रतिमानाने बाजाराकडे. आरशासमोर आरसा ठेवला तर खोली खूप खोल दिसते, पण तिथे भिंतच असते. घरांच्या किमती पडल्या तेव्हा त्या भिंतीवर आपटलेली बरीच माणसे अशी होती की त्यांनी यांतले एकही समीकरण पाहिलेले नव्हते.

यावर एक रास्त आक्षेप येईल. भविष्य वाचून माणसे वागणे बदलतात हाच दोष असेल तर सगळेच अंदाज टाकाऊ ठरतील. तसे नाही, आणि याचा उत्तम पुरावा आपल्याच देशात आहे. १९९९ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर फायलिन हे तीव्र चक्रीवादळ आले, तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवले गेले आणि मृतांची संख्या काही डझनांत राहिली. हवामानाची प्रतिमाने सुधारली आणि त्यांवर विसंबून वागणारी यंत्रणाही सुधारली, याचे हे फळ. येथेही वाचन झाले, किनाऱ्यावरच्या माणसांनी केले. वादळाने केले नाही. हवामान खात्याचा अंदाज ऐकून वादळ आपला मार्ग बदलत नाही. म्हणून वाचणारा कोण हा प्रश्न प्रत्येक वेळी निराळा विचारावा लागतो. ज्याला धोका आहे तो वाचत असेल तर प्रतिमान त्याला वाचवते. ज्याचे प्रतिमान केले आहे तोच वाचत असेल, तर प्रतिमान त्या घटनेतले एक पात्र होऊन बसते.

आता आपल्या क्षेत्राकडे येऊ. लिहिलेला मजकूर वाचणाऱ्याला बदलतो, हे साहित्याच्या अभ्यासकाला नवे नाही. गटेची वेर्थरवरची कादंबरी १७७४ साली आली आणि युरोपातले तरुण वेर्थरसारखा निळा कोट आणि पिवळे जाकीट घालून हिंडू लागले. कादंबरीने त्या तरुणांच्या दुःखाचे वर्णन केले होते की त्यांना दुःख करण्याची एक रीत दिली होती, हा वाद आपण वर्गात आवडीने घालतो. वाचकाचा संहितेच्या अर्थात वाटा असतो, हे गेली काही दशके आपल्या समीक्षेचे आवडते सूत्र आहे. असे असताना, जगातल्या सर्वांत शक्तिमान संहितांपैकी काही समीकरणांच्या रूपात लिहिल्या जात आहेत आणि त्यांचे वाचक त्या वाचून जग बदलत आहेत, याकडे आपण पाठ का फिरवावी?

पाठ फिरवण्याचेही दोन प्रकार आहेत. एक सरळ : गणित आपल्याला कळत नाही, विषय संपला. दुसरा अधिक घातक. गणितातले चार शब्द उचलून ते समीक्षेत मिरवणे. एडवर्ड लोरेन्झचे फुलपाखरू मराठी समीक्षेतही भरपूर उडून झाले आहे. लोरेन्झने १९६३ साली हवेच्या अभिसरणाचे तीन समीकरणांचे प्रतिमान मांडून दाखवले होते की आरंभस्थितीतला अत्यल्प फरक पुढे वाढत जाऊन दूरचा अंदाज अशक्य करू शकतो. हे अत्यंत काटेकोर नियमांनी बांधलेल्या व्यवस्थेबद्दलचे विधान आहे. त्यातून 'सगळेच अनिश्चित, म्हणून कोणतेही वाचन चालेल' असा अर्थ काढणे हे वाचन न करण्याचेच दुसरे नाव होय. १९९६ साली ॲलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाने मुद्दाम निरर्थक लिहिलेला लेख 'सोशल टेक्स्ट' या नियतकालिकाने छापला, ती फजिती आपण विसरू नये. समीकरणाच्या आतले गणित बरोबर असते. ब्लॅक आणि शोल्स यांची आकडेमोड चुकलेली नव्हती. प्रश्न आहे तो समीकरण आणि जग यांना जोडणाऱ्या त्या 'सारखे' या शब्दाचा. तेथे आपला अधिकार आहे आणि तेथेच आपली जबाबदारीही.

ती कशी पार पाडावी याचे एक उदाहरण देतो. आर्थिक अरिष्टानंतरची भाषा पाहावी. 'बाजार कोसळला', 'पैसा बुडाला', 'प्रतिमानानुसार जोखीम नगण्य होती'. या वाक्यांत कर्ता कोठे आहे? पहिल्या दोन वाक्यांत क्रिया आपोआप घडलेली आहे, आणि तिसऱ्यात ती प्रतिमानाच्या नावावर जमा आहे. मिलेनियम ब्रिजच्या बाबतीत वाक्ये निराळी होती : आम्ही हे गृहीत धरले होते, ते अपुरे होते, आम्ही मोजले, आम्ही बदलले. दोन व्यवसायांच्या नीतीतला फरक येथे प्रयोगाच्या फरकातून दिसतो. साम्यवाचक शब्द गळतो तेव्हा त्याच्यासोबत ते साम्य कल्पिणारा माणूसही वाक्यातून गळून पडतो. हे ओळखायला गणित लागत नाही. कर्ता कोण, कर्म कोणते, हे विचारायची सवय लागते.

हा प्रश्न आता शिकागोचा किंवा न्यूयॉर्कचा राहिलेला नाही. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात निर्देशांकावरचे ऑप्शन्स २००१ साली सुरू झाले. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी सुमारे ९३ टक्के लोकांना तोटा झाला; त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. या मंडळींत तिशीच्या आतल्यांचे प्रमाण २०२२-२३ मध्ये ३१ टक्के होते, ते पुढच्याच वर्षी ४३ टक्के झाले. त्याच अभ्यासात असेही दिसते की परदेशी गुंतवणूक संस्थांच्या आणि स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या दलाली पेढ्यांच्या नफ्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक नफा संगणकाच्या आज्ञावलींनी केलेल्या व्यवहारांतून आला. एका बाजूला प्रतिमान लिहिणारे आणि ते पुन्हा पुन्हा दुरुस्त करणारे. दुसऱ्या बाजूला भ्रमणध्वनीच्या पडद्यावर डेल्टा, थीटा अशी त्याच सूत्रातून आलेली ग्रीक अक्षरे पाहून ती वस्तुस्थिती समजणारे. ही दुसरी बाजू वयाने आपल्या वर्गांत बसणाऱ्या मुलांच्या जवळची आहे. दहापैकी नऊ व्यक्तींना तोटा होतो, ही सूचना २०२३ पासून व्यवहाराआधी त्यांना दाखवली जाते. सूचना समोर येते, बोट पुढे सरकते. वाक्य डोळ्यांखालून गेले, पण वाचले गेले नाही.

वाचले गेले नाही, असे म्हटल्यावर बोट आपल्याकडे वळते. पदव्युत्तर अभ्यासक्रमांत आता उपयोजित मराठी असते. जाहिरात, वृत्तलेखन, अनुवाद, पटकथा हे सारे आपण तेथे शिकवतो आणि ते योग्यच आहे. त्यात एखाद्या प्रतिमानाच्या गृहीतकांचे वाचन का नसावे? समीकरण सोडवायचे नाही. त्याच्याआधी लिहिलेली 'असे मानू की' ही वाक्ये घ्यायची आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचे : कशाला कशासारखे म्हटले आहे, त्यांतला साधारणधर्म कोणता आणि सोडून दिलेले धर्म कोणते, आणि ज्याच्याबद्दल हे म्हटले आहे तो हे वाचतो आहे काय? अर्थशास्त्राच्या किंवा गणिताच्या सहकाऱ्याला शेजारी बसवून हा तास घेता येईल. आपल्याला त्याच्याकडून गृहीतकांचा अर्थ कळेल. त्याला आपल्याकडून हे कळेल की यादी करून बाजूला ठेवलेली गृहीतके पुढच्या पानांवर गुपचूप निश्चित विधाने कशी होतात. उपमेचे रूपक होताना आपण हजार वेळा पाहिले आहे. ते थांबवता येईलच असे नाही, पण ते होत असताना मोठ्याने सांगणारा माणूस वर्गात आणि वर्गाबाहेर असायला हवा. परीक्षेत साम्यवाचक शब्दाला अर्धा गुण असतो. बाहेरच्या जगात त्याचे मोल पुष्कळ अधिक आहे, एवढे आपण विद्यार्थ्यांना सांगितले तरी अलंकारांचा तास वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.